जासईचे दि. बा. : गेलेल्या जमिनीत वाटा मागणारा पुढारी

(शेती विभागाकडून)



यंदाच्या गट सभांत लागणीच्या नोंदी, खोडव्याची निगा, खताचे वाटप हे नेहमीचे विषय होतेच, पण सगळ्यांत जास्त बोलणे झाले ते रस्त्याच्या मोजणीवर. जिथे जाऊ तिथे एकच विचारणा, "साहेब, नोटीस आलीया. सही करावी का न्हाई?" आमचे काम बेण्याचे आणि तोडणी कार्यक्रमाचे. जमीन संपादन हा काही आमच्या खात्याचा विषय नव्हे. तरीपण सभासद विचारतात म्हटल्यावर गप्प बसणेही बरे दिसत नाही. म्हणून या अंकात बेणे बदलाचा लेख बाजूला ठेवून आम्ही एका माणसाची हकिकत देत आहोत. हा माणूस आपल्या भागातला नव्हे आणि त्याच्या मुलखात ऊसही नाही. पण शेतकऱ्याची जमीन जाते तेव्हा त्याने काय मागावे, हा प्रश्न महाराष्ट्रात ज्यांनी सर्वांत चिकाटीने लढवला, ते हेच गृहस्थ. दिनकर बाळू पाटील, म्हणजेच लोकांचे दि. बा.

प्रथम मुलूख कोणता ते सांगतो. बेलापूर म्हटले की आपल्या जुन्या सभासदांना नगर जिल्ह्यातली हरेगावची बेलापूर कंपनी आठवते. हे बेलापूर ते नव्हे. ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठाने ऐरोलीपासून खाली उतरत गेले की ठाणे तालुक्यातले बेलापूर लागते. तिथून पुढे पनवेल आणि उरण. हा सारा पट्टा आगरी आणि कोळी लोकांचा. भात, मीठ आणि मासळी यांवर जगणारा. आपल्या कितीतरी सभासदांची मुले आज नोकरीनिमित्त डोंबिवली, कल्याण, ठाणे, वाशी इथे राहतात. ती ज्या इमारतींत राहतात त्यांतल्या पुष्कळशा एके काळच्या भातखाचरांवर उभ्या आहेत.

या भातशेतीची रीत आपल्या लोकांना नवलाची वाटेल. आपल्याकडे पाणी जास्त देऊन, निचरा न काढून जमीन क्षारपड होते, नि मग आपण शेणखत, जिप्सम आणि चर यांच्या मागे लागतो. तिथे समुद्रच दारात. भरतीचे खारे पाणी रानात शिरू नये म्हणून माती-दगडाचे लांबच लांब बांध घालायचे, त्यांना जागोजाग उघाड्या ठेवायच्या. ओहोटीला उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडायचे आणि भरती लागली की ती बंद. उधाणात बांधाला खांड पडली की खारे पाणी खाचरात पसरते, आणि पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत पुढची दोन-तीन वर्षे भात धड येत नाही. एकट्याने आपला बांध राखून भागत नाही, कारण शेजाऱ्याचा फुटला तरी आपले रान बुडते. म्हणून बांधावर प्रत्येक घराने राबायचे. अलिबागेकडे या रीतीला जोळ म्हणतात. सरकारी नोंदणी नाही, पोटनियम नाहीत, पण सहकारी सोसायटीचे सगळे गुण तिच्यात आहेत.

अशी ही पिढ्यान्‌पिढ्या समुद्राकडून सोडवून घेतलेली जमीन. सरकारी दप्तरात मात्र ती एकपिकी, खारवट, हलकी. पुढचा सगळा तंटा एका अर्थी या एका नोंदीवरून झाला असे आम्हांस वाटते.

दि. बां.चा जन्म १३ जानेवारी १९२६ चा, उरण तालुक्यातल्या जासई गावचा. घर शेतकरी, आगरी समाजातले. पुण्यात कायद्याचे शिक्षण घेऊन ते वकील झाले. शेतकऱ्याच्या घरातला पहिल्या पिढीचा वकील त्या काळी गावाच्या किती उपयोगी पडे, हे आपल्या वयस्कर सभासदांना सांगायला नको. सातबारा कुणाच्या नावावर, कूळ कोण, खोत कोण, हे वाचून सांगणारा आपला माणूस मिळणे म्हणजे निम्मा दावा जिंकल्यासारखेच.

त्यांच्या आधीची एक लढाई इथे सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे समजणार नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांची सभा भरली आणि खोतांची जमीन कसायची नाही असा ठराव झाला. पुढारी नारायण नागू पाटील. पंचवीस गावांच्या कुळांनी नांगर खाली ठेवला तो थेट १९३९ पर्यंत. सहा वर्षे! एक हंगाम ऊस वेळेवर तुटला नाही तर आपल्या जिवाची काय कालवाकालव होते ते आठवा आणि सहा पावसाळे पेरणीविना काढणारी माणसे डोळ्यांपुढे आणा. लाकूडफाटा विकून, मासळी धरून, करवंदे विकून त्यांनी दिवस काढले. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले, आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नाहीशी करण्याचे बिल मांडले. शेवटी कुळांना संरक्षण मिळाले. हा संप ज्या मुलखात झाला त्याच मुलखात दि. बा. वाढले.

शेतकरी कामगार पक्ष आपल्या भागाला परका नाही. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांचा हा पक्ष. सांगोल्याचे गणपतराव देशमुख आणि ढवळीचे एन. डी. पाटील याच पक्षाचे. कोकणात या पक्षाचे घट्ट ठाणे म्हणजे कुलाबा जिल्हा, आणि तिथे दि. बा. १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, पनवेलमधून विधानसभेवर निवडून आले. पुढे एकंदर पाच वेळा आमदार आणि १९७७ व १९८४ असे दोन वेळा खासदार झाले. १९७२ नंतरच्या विधानसभेत ते विरोधी पक्षनेते होते. पनवेल नगरपालिकेचे नगराध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. पदांची यादी आणखी वाढवता येईल, पण त्यात आम्हांस फार गोडी नाही. पदे पुष्कळांना मिळतात.

खरे काम सुरू झाले ते १९७० पासून. मुंबईची गर्दी हटवण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे ठरले. १७ मार्च १९७० रोजी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. त्यापूर्वी ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेच्या जमिनी औद्योगिक वसाहतीसाठी गेल्याच होत्या. त्या वेळी कायदा होता तो १८९४ चा, इंग्रजांचा. त्याची मेख अशी की अधिसूचना ज्या दिवशी निघाली त्या दिवसाचा बाजारभाव धरायचा. निवाडा दहा वर्षांनी होवो की बारा वर्षांनी, भाव जुनाच. वर सक्तीच्या संपादनाबद्दल पंधरा टक्के दिलासा रक्कम. दरम्यान डिझेल वाढले, सिमेंट वाढले, सोने वाढले. शेतकऱ्याच्या जमिनीचा भाव मात्र अधिसूचनेच्या तारखेला खुंटाला बांधून ठेवलेला.

आणि भाव काढताना पुन्हा तीच नोंद पुढे येई. एकपिकी, खारवट, हलकी. तिथे बंदर, कारखाने, रेल्वे आणि घरे होणार हे सरकारलाही ठाऊक, शेतकऱ्यालाही ठाऊक. पण हिशेब भाताच्या उताऱ्यावर.

दि. बां.च्या मागणीला इथे वेगळे वळण लागले. आधीची आंदोलने बहुधा दोनच गोष्टी मागत. जमीन देणार नाही, किंवा देतो पण भाव वाढवा. वाढीव भाव त्यांनीही मागितलाच. परंतु त्याबरोबर त्यांनी असे म्हटले की ज्याच्या रानावर शहर उभे राहते त्याला त्या शहरात हिस्सा मिळाला पाहिजे. रोकड नव्हे, रस्ते-पाणी-गटार झालेली, बांधायला तयार अशी जमीन. आपल्याला हे चटकन पटावे. आपला कारखाना काढताना आपल्या वडिलांनी शेअर घेतला तो याच बुद्धीने. ऊस घालून पैसे घेऊन घरी जायचे असते तर गुऱ्हाळवाला आणि खासगी मिल होतीच की. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेला १९५० साली शेतकऱ्यांचा कारखाना सुरू केला त्यामागेही, पिकवणाऱ्याचा पुढच्या मालात हिस्सा असावा, हाच विचार होता.

हे पटवून द्यायला मात्र रक्त सांडावे लागले. न्हावा-शेव्याच्या बंदरासाठी आणि नव्या शहरासाठी जमिनींचा ताबा घेण्याचे काम १९८४ च्या जानेवारीत जोरात सुरू झाले. जासई आणि दास्तान फाट्याच्या परिसरात हजारो शेतकरी गोळा झाले, बायाबापड्याही मोठ्या संख्येने होत्या. १६ आणि १७ जानेवारी या दोन दिवसांत पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी ठार झाले, शेकडो जखमी झाले. ठार झालेले चिर्ले, धुतूम, पागोटे या गावांचे. त्या गावांत आजही जानेवारीत हुतात्मा दिन पाळतात. त्याच वर्षाच्या अखेरीस लोकसभेची निवडणूक झाली. इंदिराजींच्या हत्येनंतरची ती लाट. देशभर काँग्रेसचे उमेदवार निवडून येत होते. कुलाब्याने मात्र शेतकरी कामगार पक्षाच्या दि. बां.ना दिल्लीला पाठवले.

१८९४ च्या कायद्यातही १९८४ साली संसदेने दुरुस्ती केली. दिलासा रक्कम पंधराची तीस टक्के झाली आणि निवाडा दोन वर्षांत न झाल्यास संपादनच रद्द होईल अशी तरतूद आली. ही दुरुस्ती केवळ जासईमुळे झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, देशभर तक्रारी होत्या. साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचा निर्णय मात्र नि:संशय या लढ्याचे फळ. तो ६ मार्च १९९० रोजी निघाला आणि २८ ऑक्टोबर १९९४ च्या निर्णयाने पक्का झाला. म्हणजे पहिली नोटीस निघाल्यापासून चोवीस वर्षांनी. या काळात कितीतरी खातेदार वारले, आणि हिस्सा वारसांच्या वाटणीत गेला.

आता साडेबारा टक्के म्हणजे नेमके किती, ते आपल्या गुंठ्यांत मांडू. एकर गेला तर चाळीस गुंठे गेले. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून रस्ते, शाळा वगैरे सार्वजनिक सोयींसाठी तीस टक्के कपात, म्हणजे दीड गुंठा वजा. हातात साडेतीन गुंठे. ऐकायला थोडे वाटते. पण भाताच्या एका एकराने जे कुटुंब कसेबसे जगत होते त्याला शहरातली साडेतीन गुंठे बांधण्याजोगी जागा म्हणजे काही और गोष्ट होती. ज्यांनी ती राखली, भाड्याच्या खोल्या-गाळे काढले, त्यांची पुढची पिढी उभी राहिली.

सगळ्यांनी राखली नाही, हेही सांगितले पाहिजे. प्लॉट हातात यायच्या आधीच, नुसत्या पात्रतेच्या कागदावर, पुष्कळांनी बिल्डरांशी करार केले. घरात लग्न होते, दवाखाना होता, भावाभावांत वाद होते. वाट पाहण्याची ताकद नसली की हक्काचा कागद मातीमोल जातो. आपल्याकडे बिल निघायच्या आधी सावकाराकडून उचल घेणारे जे करतात त्याचाच हा मोठा अवतार. शिवाय मूळ गावठाणांत वाढत्या कुटुंबांनी गरजेपोटी जी घरे बांधली ती नियमित करण्याचा प्रश्न दशकानुदशके लोंबकळत राहिला. गावठाण वाढवायचे असते हे शहर आखणाऱ्यांच्या ध्यानातच राहिले नाही, की ठेवायचे नव्हते, देव जाणे.

याच ठाणे जिल्ह्यात थोडे आत, कल्याण-डोंबिवलीकडे काय झाले ते याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. तिथे सिडकोसारखी एकच संस्था नव्हती. साठच्या दशकात औद्योगिक वसाहत आली तिने काही जमीन घेतली, रस्त्यांनी काही घेतली, आणि उरलेली बरीचशी खासगी खरेदीखतांनी गेली. एकेक सर्व्हे नंबर, एकेक भाऊ, एकेक सही. निळजे, काटई, खोणीच्या बाजूला आज टोलेजंग नगरे आहेत. ज्याने नेटाने सौदा केला त्याला चांगला पैसा मिळालाही. पण सगळ्या गावाने मिळून वाटा मागावा अशी वेळ तिथे आलीच नाही, कारण समोर बसून बोलायला एक धनी नव्हता. तिथला गावकऱ्यांचा लढा निराळ्या गोष्टीवर झाला. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ साली झाली तेव्हा २७ गावे तिच्यात घातली, २००२ साली वगळली, २०१५ साली पुन्हा घेतली. कर शहराचा आणि सोयी खेड्याच्या, ही तिथली तक्रार. पाणी कुणाकडे मागायचे आणि घराचा परवाना कुणाकडून घ्यायचा, हेच दर काही वर्षांनी बदलत गेले. कल्याणजवळ नेवाळीला तर दुसऱ्या महायुद्धात विमानतळासाठी घेतलेल्या जमिनींचा वाद २०१७ सालीही धुमसत होता. त्या वर्षी २२ जूनला तिथे मोठा उद्रेक होऊन गाड्या जळल्या. पंचाहत्तर वर्षे उलटली, पण जमिनीचा विषय घरातून गेला नव्हता. आपल्याकडच्या खंडकऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. साखर कंपन्यांना खंडाने दिलेली रानं परत मिळायला त्यांच्याही दोन पिढ्या गेल्या.

दि. बां.चे सगळेच आम्हांस पटते असे नाही. १९९९ साली ते शेतकरी कामगार पक्ष सोडून शिवसेनेत गेले. ज्या लाल बावट्याखाली माणसे उभी केली तो सोडल्याचे जुन्या सहकाऱ्यांना फार लागले, आणि मतदारांनीही त्यानंतर त्यांना पूर्वीसारखी साथ दिली नाही. तरी जमिनीच्या कामासाठी लोक त्यांच्याकडे येत राहिले ते शेवटपर्यंत. २४ जून २०१३ रोजी ते वारले. नव्या विमानतळासाठी दहा गावे उठवायची होती. तिथल्या जमीनधारकांसाठी साडेबाविसाचा आकडा ठरला. साडेबारा आधी मिळाले नसते तर साडेबावीस कुणी बोलले असते असे आम्हांस वाटत नाही. त्या विमानतळाला त्यांचे नाव द्या म्हणून १० जून २०२१ रोजी ठाण्यापासून रायगडपर्यंतच्या लोकांनी मानवी साखळी केली आणि २४ जूनला, त्यांच्या स्मृतिदिनी, सिडकोवर मोर्चा नेला. २०२२ साली राज्य विधिमंडळाने तसा ठराव मंजूर केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले.

सरकारी संपादनाच्या वाटेने न जाताही हिस्सा राखता येतो याचा एक दाखला पुण्याजवळ हडपसरचा. मगरपट्ट्यातल्या सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर रान एकत्र केले, स्वतःची कंपनी काढली आणि सतीश मगर यांच्या पुढाकाराने २००० च्या सुमारास तिथे वसाहत उभारायला घेतली. जमिनीच्या प्रमाणात शेअर. सगळ्याच गावांना हे जमेल असे नाही. तिथे बव्हंशी एकाच आडनावाचे भाऊबंद होते आणि शहर अगदी उंबऱ्याशी आले होते. पण भाऊबंद एकत्र येतात ही गोष्टच मुळात आपल्याकडे दुर्मिळ, म्हणून नोंदवली.

आता सभासदांच्या मूळ प्रश्नाकडे. नोटीस आली की प्रथम ती कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहावे, कारण मुदती निराळ्या आहेत. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ खाली असेल तर अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून एकवीस दिवसांत हरकत घ्यावी लागते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली असेल तर साठ दिवस मिळतात. या २०१३ च्या कायद्याने दिलासा रक्कम शंभर टक्के केली आहे. मोजणी होताना हजर राहावे आणि विहीर, पाइपलाइन, ठिबक, झाडे आणि उभा ऊस पंचनाम्यात लिहिला गेला की नाही ते वाचून मगच सही करावी. सातबाऱ्यावर पीकपाहणीत ऊस लागलेला नसेल तर जमीन जिरायत धरली जाण्याचा धोका असतो. तेव्हा पीकपाहणीची नोंद याच हंगामात करून घ्यावी. कारखान्याकडील ऊस नोंदीचा आणि गेल्या तीन हंगामांतील टनेजाचा दाखला ज्यांना जोडायचा असेल त्यांनी आपल्या गट कार्यालयात अर्ज द्यावा, सोबत नोटिसीची नक्कल व चालू सातबारा आणावा. दाखल्यास आकार नाही.